गाडीच्या तोंडी 'अहो'

दिनांक ९ एप्रिल, बुधवार. दुपारचे जेवण आटोपून मी आडवा झालो असता, माझ्या खिडकीखाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीने, जवळपास कुत्रे नाही, मांजर नाही, माणूस नाही अशा स्थितीत, एका विवाहित स्त्रीच्या आवाजात, "अहो, हात लावू नका त्याला! एकदा सांगून कळत नाही का?" असे ओरडून सांगितले. मी झोपेतून उठून "नाही लावत" असे उत्तर दिले. ही बाब नोंदीसाठी लिहून ठेवीत आहे. त्यातील उत्तराचा भाग माझ्या पत्नीच्या आग्रहास्तव घातला आहे; माझ्या मते तो गैरलागू आहे.

सदर आवाज माझ्या पत्नीचा नाही. तो आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाड्यांना चोरीचे अलार्म बसवून देणाऱ्या गृहस्थांच्या पत्नीचा आहे. परक्या घरातील गृहिणी माझ्या गाडीत बोलू कशी लागली, हे सांगायचे तर त्या गृहस्थांविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. त्यांच्याविषयी लिहिण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती.

या गृहस्थांना सारी गल्ली 'भोंगे' म्हणते. ते त्यांचे आडनाव नव्हे. त्यांचे वडील एका कारखान्यात पाळी बदलल्याचा भोंगा वाजवीत असत, आणि मुलाने पुढे गाड्यांना भोंगे बसवण्याचा धंदा काढल्यामुळे लोकांना दुसरे नाव शोधण्याचे श्रम पडले नाहीत. वय पन्नाशीचे, बांधा आडवा, आवाज मात्र वडिलांच्या नोकरीला शोभेल असा. गल्लीतील बहुतेकांनी त्यांचा चेहरा कमी आणि पाय अधिक पाहिले आहेत. कारण दिवसातला बराच काळ त्यांचे डोके कोणाच्या तरी गाडीत स्टिअरिंगच्या खाली, वायरींच्या जंजाळात असते आणि पाय उघड्या दारातून रस्त्यावर. गिऱ्हाइके पायांशीच बोलतात. अंगठा हलला की होकार, चप्पल गळून पडली की काहीतरी बिघडले, असे समजण्याची रीत पडली आहे. तोंडात स्क्रू धरलेले असल्यामुळे त्या वेळी ते 'हं' आणि 'हूं' यांच्यापलीकडे जात नाहीत. स्क्रू संपले की मात्र त्यांना थांबवणे अवघड.

दुकान म्हणजे एक खोली आणि त्यात दोन धंदे. डाव्या हाताला भोंगे, त्यांच्या वायरींची भेंडोळी आणि सोल्डरिंगचा धूर. उजव्या हाताला त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हां सर्वांच्या वहिनी. शिलाई मशीन, रेक्झीनचे ताके, खडूचे तुकडे. त्या गाड्यांची सीट कव्हरे शिवतात. भोंग्यांकडे अलार्म बसवायला आलेला मनुष्य उठायच्या आत त्याला "तुमची मागची सीट फार उसवलीय हो," हे वहिनींकडून कळते. मध्ये भिंत नाही. एक लाकडी स्टूल आहे, त्यावर दोघांचा चहा ठेवला जातो. लग्नाला पंचवीसएक वर्षे झाली असावीत. वहिनी "अहो" म्हणत, भोंगे "आलो" म्हणत, आणि येत नसत. संसार सुरळीत चालला होता.

या सुरळीतपणात बिब्बा घातला तो भोंग्यांच्या स्वाभिमानाने. गेल्या हिवाळ्यात समोरच्या फुटपाथला लागून उभी असलेली एक गाडी सकाळपासून किंचाळत होती. अलार्म त्यांनीच बसवलेला. लोक त्या गाडीच्या आडोशाला उभे राहून गप्पा मारत होते. एकाने तर तिच्या बॉनेटवर पिशवी टेकवून फोन लावला, आणि पलीकडच्याला ऐकू यावे म्हणून तो तिच्याहून मोठ्याने ओरडू लागला. भोंगे दुकानाच्या पायरीवरून हे पाहत होते. मी कचेरीतून परतत होतो. (मी सरकारी परिपत्रकांची भाषा तपासतो, माझी कचेरी सकाळची असते.)

"साहेब, कुत्रं भुंकलं तर माणूस वळून बघतो," ते मला म्हणाले. "माझा अलार्म भुंकला तर माणूस फोनचा आवाज वाढवतो. याला काय अर्थ आहे?"

"लोकांना सवय झाली आहे," मी म्हणालो.

"मग सवय होत नाही असा आवाज पाहिजे. जो ऐकला की माणूस हातातलं टाकून दचकेल."

असा आवाज त्यांना घरातच सापडला. आवाज भरण्याची सोय असलेली यंत्रे बाजारात मिळतात. त्यांनी ती मागवली. मग एके दिवशी वहिनी जमिनीवर मोठे कापड पसरून कव्हर बेतत असताना यंत्र चिंध्यांच्या ढिगात लपवले, आणि ग्रीसने माखलेला हात पांढऱ्याशुभ्र कापडाकडे नेला. त्या बाईंनी जे म्हणायचे तेच म्हटले. तेच वाक्य भोंग्यांनी यंत्रात भरले, आणि त्या यंत्रावरून पुढच्या प्रत्येक यंत्रात उतरवले. त्यांचे म्हणणे असे की, चोरासाठी लागणारे सारे काही त्या वाक्यात आहे: हाक आहे, मनाई आहे, आणि वर अपमानही आहे.

माझ्या गाडीला साधा भोंगा बसवावा, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. "साधाच आहे," असे म्हणून ते गाडीत शिरले. बॉनेटखाली भोंगा तोंड खाली करून बसवला, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. वायरी दाराच्या पट्टीखालून ओढल्या. धक्का ओळखणारा सेन्सर स्टिअरिंगखाली पत्र्याला घट्ट आवळला. काम नीटनेटके होते, हे मान्य करतो. मग गाडी दूर वळणापाशी नेऊन त्यांनी तिला थाप मारली आणि ते वाक्य मी प्रथम ऐकले.

"भोंगे, हे वाक्य चुकीचे आहे," मी म्हणालो.

"का? जोर नाही?"

"'हात लावू नका त्याला' असे आहे. गाडी स्त्रीलिंगी आहे. 'तिला' पाहिजे."

"साहेब, ती कापडाला म्हणत होती. आणि चोर काय लिंग बघून चोरी करतो?"

"गाडी चोराच्या हाती पडेल तेव्हा पडेल. तोवर ती माझ्या नावावर आहे, आणि चारचौघांत चुकीचे बोलते आहे."

त्यांनी मान डोलावली आणि काहीही बदलले नाही. हा त्यांचा स्वभावच आहे.

वाक्याचा परिणाम मला बाजारात पाहायला मिळाला. गाडी लावून मी पिशवी काढतो न काढतो तोच एका हातगाडीचे चाक बंपरला घासले. "अहो, हात लावू नका त्याला!" बाजार थबकला. फळे दाबून पाहणाऱ्या एका वृद्धांनी हात खिशात घातला. एकाने पेटती सिगारेट मुठीत झाकली आणि मग तोंड वेडेवाकडे केले. घासाघीस करणारे एक भक्कम गृहस्थ "मी घेतच नव्हतो" असे कोणालाही न उद्देशून म्हणाले. अविवाहित तेवढे निर्विकारपणे वांगी निवडत राहिले. हातगाडीवाला तर चाक सोडून दोन्ही हात वर करून उभा होता.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दंतवैद्यांच्या गाडीत, बँकेच्या व्यवस्थापकांच्या गाडीत, शिकवण्या घेणाऱ्या मास्तरांच्या गाडीत, पलीकडच्या वस्तीतल्या कोणाकोणाच्या गाडीत वहिनी बोलू लागल्या. एकट्या वहिनींनाच हे ठाऊक नव्हते. चाचणी दूर वळणावर होई, आणि दुकानात त्यांच्या मशीनची घरघर चालू असे. बाकीच्यांनी सांगितले नाही, कारण बाईंच्या संमतीशिवाय बाईंचा आवाज विकला जात असेल, ही शंका घेण्याइतका विचार आमच्या गल्लीत कोणी करीत नाही.

मार्च महिन्यात वहिनी बँकेत गेल्या. बाहेर एका गाडीवर कुठूनसा चेंडू येऊन आदळला आणि गाडीने त्यांना त्यांच्याच आवाजात दटावले. त्यांनी म्हणे आधी स्वतःचे हात पाहिले. "माझ्याच आवाजाला मी घाबरले हो," असे त्या नंतर माझ्या पत्नीला सांगत होत्या. तेवढ्यात बँकेचा रखवालदार कौतुकाने म्हणाला, "वहिनी, मस्त बोलता! आमच्या मोठ्या साहेबांच्या गाडीतपण तुम्हीच आहात."

वहिनी दुकानात परत आल्या. भोंग्यांचे पाय एका गाडीतून बाहेर आलेले होते. त्या पायांना उद्देशून त्या म्हणाल्या, "माझा आवाज रस्त्यावर नेऊन विकलात. आता घरात शिल्लक नाही." दोन्ही चपला एकदम गळून पडल्या.

त्या दिवसापासून वहिनी भोंग्यांशी बोलेनाशा झाल्या. गिऱ्हाइकांशी बोलत, शेजाऱ्यांशी बोलत, मशीनशीसुद्धा बोलत. नवऱ्याला सांगायचे ते रेक्झीनच्या तुकड्यावर खडूने लिहून स्टुलावर ठेवीत: 'दूध संपले', 'दिवा बंद करा'. पूर्वी चारचौघांत त्या "आमचे हे" म्हणत. आता "दुकानातला फिटर" म्हणू लागल्या. "वायरिंगचं मला नाही माहीत. फिटर आला की फिटरला विचारा." फिटर दोन हातांच्या अंतरावर बसलेला असे.

एवढी पूर्वपीठिका दिल्यावर मी माझ्या तक्रारीकडे वळतो. ९ एप्रिलच्या प्रकारानंतर मी रीतसर अर्ज लिहून दुकानात दिला. भोंग्यांनी बॉनेट उघडले.

"हे बघा. बॉनेटच्या बटणाचं रबर दबलंय. तिला वाटतं, बॉनेट कोणी उघडलं."

रबर बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा "अहो".

"अर्थिंगचा नट गंजलाय," भोंगे म्हणाले, आणि पॉलिश पेपरने घासून तो चकचकीत केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"सेन्सर हळवा झालाय फार. जरा कुठे खुट्ट झालं की मनाला लावून घेतो." एक बारीक स्क्रू किंचित फिरवून त्यांनी त्याचा हळवेपणा कमी केला. मग बॅटरी तपासली. मग रिमोट. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अगदी गुणाने वागे, आणि मी डोळे मिटले की वहिनींचा आवाज खिडकीतून आत येई. मी प्रत्येक वेळी उठून बसे.

"गाडीच्या हाकेला किती लगबगीने उठता," माझी पत्नी म्हणाली. "मी इतकी वर्षं हाका मारते आहे, कधी कूस बदलली नाहीत."

"हा विनोदाचा विषय नाही. यंत्रात बिघाड आहे."

"बिघाडाला घड्याळ कळतं वाटतं? रोज बरा दुपारीच होतो."

हे म्हणणे मला पटले नाही, पण दुसऱ्या दिवशी मी झोपलो नाही. पडद्याआड खुर्ची घेऊन बसलो. वहिनी जेवून दुकानामागच्या खोलीत टेकल्या होत्या. भोंगे पायरीवर आले. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. चोर कसा दिसतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. मग त्यांनी तळहात पँटला पुसला, माझ्या गाडीच्या मडगार्डवर एक हलकी थाप दिली, आणि दोन्ही हात मागे बांधून, डोळे मिटून उभे राहिले.

"अहो, हात लावू नका त्याला! एकदा सांगून कळत नाही का?"

"आलो," भोंगे हळूच म्हणाले.

मी जिन्याने खाली उतरलो. मला पाहून त्यांनी मडगार्डवरची धूळ झटकल्यासारखे केले.

"भोंगे, हा काय प्रकार आहे?"

"ओरडू नका साहेब, ती आत पडलीय."

"मी दोन आठवडे अर्ज करतो आहे! तुम्ही नट घासत होता!"

"नट खरंच गंजलेला होता."

"गल्लीत तुमचे अलार्म बसवलेल्या इतर गाड्या नाहीत काय?"

"आहेत की. पण त्यांचे मालक चप्पल घेऊन धावतात. तुम्ही अर्ज घेऊन येता." मग ते बॉनेटला टेकून उभे राहिले. "महिना झाला साहेब, घरात कोणी हाक मारली नाही. फिटर म्हणते. दिवसातून एकदा हे ऐकलं की बरं वाटतं, बस."

"पण ती तुम्हाला दटावते आहे त्यात!"

"दटावू दे की. सुरुवात तर 'अहो'नं करते ना."

यावर माझ्या मनात दया वगैरे उत्पन्न झाली असे कोणी समजू नये. माझी झोप गेली होती आणि दाद मागण्यासाठी आता एकच जागा उरली होती. मी वहिनींना बाहेर बोलावले आणि घडला प्रकार, काहीही न वगळता, त्यांच्यापुढे मांडला. भोंगे आपल्या बाजूला एका वायरीचे टोक निष्कारण सोलत बसले.

"रोज?" वहिनींनी मला विचारले.

"रोज. रविवारसुद्धा."

"मला वाटायचं, तुमची गाडीच भिकार आहे." त्या थोडा वेळ खडू बोटांत फिरवीत राहिल्या. "आणि ऐकल्यावर फिटर काय करतो?"

"'आलो' म्हणतो."

"येतो का?"

"नाही. तिथेच उभा राहतो."

"म्हणजे काही सुधारणा नाही."

भोंग्यांच्या तोंडावर हसू फुटू पाहत होते. ते त्यांनी वायरीबरोबर दातांत धरले.

"भाऊजी, फिटरला सांगा," वहिनी माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "'हात लावू नका' हे मी कोणालाही म्हणते. मांजराला म्हणते, गिऱ्हाइकाला म्हणते. त्याचं मला काही नाही. पण 'अहो' मी आयुष्यात एकाच माणसाला म्हटलं. आता दातांचा डॉक्टर ते किल्लीला अडकवून हिंडतो. उद्या मी दारात उभी राहून 'अहो' म्हटलं, तर गल्लीतले किती जण 'ओ' देतील? मग मी हाक कशानं मारायची?"

भाषेचा प्रश्न म्हणून पाहिले तर हा मुद्दा बिनतोड होता. एका अर्थाचा शब्द दहा ठिकाणी वापरला की तो कोठेच उरत नाही, हे मी माझ्या वरिष्ठांना परिपत्रकांच्या संदर्भात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

"साहेब, तिला सांगा," भोंगे म्हणाले, "सगळ्या गाड्यांतून काढतो."

"फिटरला म्हणावं, नुसतं 'आलो'सारखं नको."

"सांगा, उद्यापासून. पण गाड्यांना दुसरं काहीतरी बोलायला लागेल ना! मालक मुक्या गाड्या घेऊन जातील का?"

वहिनींनी विचार केला. दुसरे वाक्य त्या देतील. मात्र चिंध्यांत लपून नव्हे, समोर यंत्र ठेवून. मी तत्काळ मसुदा सुचवला: "सावधान. सदर वाहनास स्पर्श करू नये." दोघांनी माझ्याकडे एकाच वेळी, एकाच नजरेने पाहिले. महिन्याभरात त्यांचे एकमत झालेले ते पहिलेच प्रकरण असावे.

ध्वनिमुद्रण माझ्या गाडीत झाले, कारण काचा लावल्या की आत शांतता असते. वहिनी पुढे, भोंगे शेजारी यंत्र धरून, मी मागच्या सीटवर मध्यस्थ. वहिनी पहिल्यांदा इतक्या गोड बोलल्या की चोराने गाडीत बसून चहा मागितला असता.

"साहेब, तिला सांगा, जरा रागानं."

"फिटरला सांगा, राग काय नळातून येतो?"

"सांगा, मी असाच हात लावला होता त्या कापडाला, तो आठव म्हणावं." आणि त्या अवलक्षणी माणसाने ग्रीसचा हात खरोखरच पुढच्या सीटच्या नव्या कव्हरवर ठेवला. ते कव्हर माझे होते.

"ए! हात काढ तिच्यावरून!" वहिनी कडाडल्या.

यंत्र चालू होते. वाक्य मिळाले. सर्वनाम या खेपेस बरोबर आहे, हे मी येथे नमूद करतो. गाडीत शिरण्यापूर्वी मी ते वहिनींकडून घोकून घेतले होते. कव्हरवरचा डाग अद्याप निघालेला नाही, हेही नमूद करतो.

मग गाड्या परत येऊ लागल्या. भोंगे बॉनेट उघडून 'अहो' काढीत आणि 'ए' बसवीत. वहिनी शेजारी उभ्या राहून थाप मारून खात्री करून घेत. दंतवैद्यांनी कुरकुर केली. शिकवणीवाल्या मास्तरांनी साफ नकार दिला. हे मास्तर अविवाहित आहेत. "वहिनी, घरी मला एवढ्या आपुलकीनं कोण ओरडतं? राहू द्या ना," असे म्हणू लागले. वहिनी त्यांच्या गाडीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि मास्तर बॉनेट उघडेपर्यंत हलल्या नाहीत. जाताना मात्र त्यांना म्हणाल्या, "लग्न करा. नाहीतर नेमाने ग्रीसचा हात लावत जा, कोणीतरी ओरडेलच."

आजची स्थिती अशी. खडू बंद झाला आहे. वहिनी आता थेट बोलतात, पण "फिटर, कात्री द्या", "फिटर, जेवण वाढलंय" इतकेच. भोंगे "आलो" म्हणतात, आणि वस्तुस्थिती म्हणून लिहितो, येतातही. परंतु शेवटच्या गाडीतून तो शब्द निघेपर्यंत घरात तो उच्चारायचा नाही, यावर वहिनी ठाम आहेत. अडचण अशी की काही गाड्या दरम्यान विकल्या गेल्या, काही मालक घर बदलून गेले, आणि भोंग्यांनी कोणाला काय बसवले याची कसलीही नोंद ठेवलेली नाही. माझ्या गाडीला थाप मारून त्यांना आता "ए!" ऐकू येते, त्याचा त्यांना काही उपयोग नाही. म्हणून दुपारी ते वर माझ्या घरी येऊन बसतात, आणि राहिलेल्या गाड्या कोठे असतील यावर माझ्याशी बोलतात. माझी पत्नी त्यांना चहा देते. माझी झोप पूर्वीइतकीही उरलेली नाही.

तेव्हा वाचकांस सांगणे आहे ते असे. आपण आपली गाडी कोणाकडून जुनी घेतली असेल, किंवा तिला अलार्म कोणी बसवला हे आपणांस आठवत नसेल, तर हा मजकूर खाली ठेवून गाडीपाशी जा. ती बंद करा, रिमोटचे बटण दाबा आणि मडगार्डवर तळहाताने एक थाप मारा. ती नुसती किंचाळली तर माझे आपल्याशी काही काम नाही. तिने "अहो" म्हटले, तर ती हाक आपल्यासाठी नाही. गाडी घेऊन भोंग्यांच्या दुकानात या आणि तो शब्द परत करा.